चूल पेटवण्याआधी

'हिला थायरॉईड आहे' हे वाक्य आता सर्दी-पडशाइतकं नेहमीचं झालं आहे. हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, की त्यांत एखाद-दुसरी तरी सकाळी अनशापोटी ती बारीकशी पांढरी गोळी घेणारी निघतेच. गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे. शरीरात जे कमी बनतं तेच ती बाहेरून पुरवते. तिच्याबद्दल तक्रार करावी असं काही नाही.

पण या गोळीच्या आधी पाहायची एक गोष्ट असते. बहुतेकींच्या बाबतीत ती न पाहताही काही बिघडत नाही. एखादीच्या बाबतीत मात्र ती पाहिली नाही तर जिवावर बेतते. आमच्या घरात ते घडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं घर काशीतलं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कुणाचे पूर्वज वेदाध्ययनासाठी आले, कुणाचे देवकार्यासाठी, आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की बनारसी बोली, असा आमचा दुहेरी संसार. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले १९८८ साली. त्या वेळी या घरात मला सांभाळून घेतलं ते मोठ्या जाऊबाईंनी. मी त्यांना वहिनी म्हणते. उभ्या उभ्या पन्नास माणसांचा स्वयंपाक करणारी, गंगेच्या घाटाच्या पायऱ्या दोन घागरी घेऊन चढणारी बाई. गल्लीतल्या बायका त्यांना 'मराठिन भाभी' म्हणत आणि अडीअडचणीला पहिली हाक त्यांनाच मारत.

१९९१ सालच्या कार्तिकात वहिनींचं दुसरं बाळंतपण झालं. घरीच, दाईच्या हातून. मुलगा सुखरूप झाला, पण रक्तस्राव काही थांबेना. दवाखान्यात नेईपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रक्त चढवलं, जीव वाचला. घरात सत्यनारायण झाला, आणि 'मोठं संकट टळलं' असं म्हणून सगळ्यांनी तो विषय मिटवला.

संकट टळलं नव्हतं. त्याने फक्त रूप बदललं होतं.

वहिनींना दूध आलंच नाही. डिंकाचे लाडू, अळीव, शतावरी, सगळं करून झालं. बाळ वरच्या दुधावर वाढलं. पाळीही परत सुरू झाली नाही. शेजारणी म्हणाल्या, "बरंच झालं, सुटलीस." मग हळूहळू त्या मंदावत गेल्या. बनारसची थंडी तशी बोचरीच; पौष-माघात इथे घरोघर निखाऱ्यांची बोरसी पेटते. पण होळी होऊन गेल्यावर, आम्ही पंखे लावून बसलो असताना वहिनी शाल पांघरून असत. चेहरा सुजरा, आवाज जड, केस विरळ. सकाळी उठताना चक्कर. दोन जिने चढल्या की बसून घ्यायच्या. जेवणावर वासना नाही. घागरी उचलणारी बाई पदराला हात पुसतानाही दमू लागली. "बाळंतपणात अंगावर दुखणं काढलं असेल," "मन लागत नाही हिचं," "आळस चढलाय," असं जो येई तो बोलून जाई. अशी आठ वर्षं गेली.

गोळी मिळाली आणि...

१९९९ साली एका डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि निदान केलं, की थायरॉईड कमी आहे. निदान चुकीचं नव्हतं. रोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. घरात आनंद झाला. दुखण्याला एकदाचं नाव तरी मिळालं! पहिले तीन-चार दिवस वहिनींना जरा तरतरीही वाटली.

दुसऱ्या आठवड्यात मात्र उलट्या सुरू झाल्या. पोटात दुखू लागलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. "गोळी अंगाला लागेपर्यंत असं व्हायचंच," असं कुणी म्हणालं. बाराव्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत. हाक मारली तर डोळे उघडत, पण बोलणं असंबद्ध. भाऊजींनी आणि यांनी मिळून त्यांना गल्लीतून खुर्चीवर बसवून मैदागिनपर्यंत आणलं, कारण आमच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. तिथून थेट लंकेवर, बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात.

रक्तदाब इतका खाली, की नर्सने दोनदा मोजला. रक्तातलं सोडियमही फार उतरलेलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी वाचली, वहिनींच्या फिकट, सुरकुतलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बच्चा होने के बाद इनको दूध उतरा था?"

रक्तदाबाचा आणि दुधाचा काय संबंध, हे मला कळेना. मी 'नाही' म्हटलं. "खून बहुत गया था?" 'हो.' "महीना फिर आया?" 'नाही.' तीन प्रश्न आणि तीन उत्तरं. आठ वर्षांत हे तीन प्रश्न एकत्र कुणी विचारलेच नव्हते. त्यांनी रक्ताचा नमुना काढून घेतला आणि त्याच्या रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन सुरू केलं. संध्याकाळी वहिनींनी चहा मागितला. त्या चहाचा कप धरताना माझे हात कापत होते, हे मला अजून आठवतं.

झालं होतं काय?

पुढे त्यांनी आम्हांला शांतपणे समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. घरातल्या कर्त्या बाईसारखी ती सगळ्यांना कामाला लावते. गळ्यातल्या थायरॉईडला, दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, बीजकोशांना आणि बाळंतपणानंतर दुधालाही हुकूम तिचाच. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, तिला जास्त रक्त लागतं. नेमकं त्याच वेळी बाळंतपणात फार रक्त गेलं, तर तिचा पुरवठा तुटतो आणि तिचा मोठा भाग मरून जातो. हॅरोल्ड शीहान नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ साली याचं वर्णन केलं, म्हणून या दुखण्याला 'शीहान सिंड्रोम' म्हणतात. सुधारलेल्या प्रसूतिसेवेमुळे पाश्चात्त्य देशांत ते दुर्मीळ झालं. आपल्याकडे नाही. काश्मीरमध्ये डॉ. अब्दुल हमीद झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपण झालेल्या वीस वर्षांवरच्या स्त्रियांची पाहणी करून २००५ साली अंदाज मांडला, की शंभरांतल्या सुमारे तिघींना हे दुखणं असावं. त्यांतल्या बहुतेकींची बाळंतपणं घरीच झालेली होती.

वहिनींच्या थायरॉईडला हुकूम मिळत नव्हता, म्हणून ते कमी पडलं. पण हुकूम ॲड्रिनललाही मिळत नव्हता. ॲड्रिनलमधून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक येतं. रक्तदाब टिकवणं, रक्तातली साखर सांभाळणं, ताप-उलटी-शस्त्रक्रिया अशा प्रसंगाला शरीर उभं ठेवणं हे त्याचं काम. ते अगदी थोडं असूनही वहिनी इतकी वर्षं तगल्या, कारण थायरॉईडही कमी असल्यामुळे शरीराचा सगळा कारभारच मंद चालला होता. खर्च कमी, म्हणून तुटपुंज्या कमाईत भागत होतं.

थायरॉईडच्या गोळीने हा कारभार एकदम वेगवान केला. थायरॉईडचं संप्रेरक वाढलं, की शरीर कॉर्टिसॉलही लवकर लवकर संपवतं. धडधाकट माणसाच्या ॲड्रिनल लगेच जास्त कॉर्टिसॉल बनवून ती भर काढतात. वहिनींच्या काढू शकत नव्हत्या.

मी हे स्वयंपाकघराच्या भाषेत लक्षात ठेवलं आहे. थायरॉईड म्हणजे चुलीतला जाळ आणि कॉर्टिसॉल म्हणजे आधणातलं पाणी. पातेल्यात पाणी घोटभरच असताना जाळ मोठा केला, तर दोष जाळाचा नसतो, पण पातेलं करपतं. म्हणून चूल पेटवण्याआधी आधणात डोकावायचं. औषधांचा क्रमही तोच: आधी कॉर्टिसॉलची उणीव भरून काढायची, मग काही दिवसांनी थायरॉईडची गोळी, तीही थोड्या मात्रेपासून.

वहिनींचं तसंच केलं. थायरॉईडची गोळी थांबवली. हायड्रोकॉर्टिसोनवर त्या सावरल्या, मग सकाळी प्रेडनिसोलोनची गोळी ठरली, आणि त्यानंतरच २५ मायक्रोग्रॅमपासून थायरॉईडची गोळी पुन्हा सुरू झाली. जी गोळी त्यांना बाराव्या दिवशी रुग्णालयात घेऊन गेली, तीच गोळी योग्य क्रमाने आल्यावर त्यांना पुन्हा चुलीपाशी घेऊन आली.

पुढे वाचनात एक गंमत कळली. ही दोन्ही औषधं ज्यांच्या शोधामुळे आपल्याला मिळाली, त्यांत एक माणूस समान आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याच केंडल यांनी पुढे ॲड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसोनही वेगळं केलं आणि त्या कामासाठी त्यांना फिलिप हेंच व टाडेउश राइखस्टाइन यांच्याबरोबर १९५० सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. वहिनींच्या डबीत या एकाच माणसाच्या दोन शोधांची संतती शेजारी शेजारी नांदते आहे.

'स्टिरॉइड' या शब्दाची भीती

घरी आल्यावर नवीनच अडचण उभी राहिली. कुणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं, की हे स्टिरॉइड आहे, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, लवकर बंद करा. भीती निराधार नव्हती. आमच्याकडे काय किंवा महाराष्ट्रात काय, गुडघेदुखीवर आणि दम्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की बाहेरून आयतं मिळतंय म्हणून ॲड्रिनल काम करणं सोडून देतात, आणि पुडी एकदम थांबवली की तो माणूसही वहिनींसारखाच कोसळू शकतो. म्हणून अशी पुडी किंवा स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस घेत असाल, तर ती मनाने तोडू नका. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

वहिनींचं मात्र वेगळं होतं. डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं, "आई, शरीर रोज जेवढं बनवतं, तेवढंच मी बाहेरून देतो आहे. हे औषध नाही, ही उणीव भरणं आहे." सासूबाईंना ते पटलं. त्या दिवसापासून सकाळची ती गोळी वहिनींच्या हातावर ठेवण्याचं काम त्यांनीच घेतलं, आणि अखेरपर्यंत चुकवलं नाही.

आम्हांला पाठ करायला लावलेले नियम साधे आहेत. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे दोन-तीन दिवस मात्रा दुप्पट-तिप्पट करायची. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर वाट पाहायची नाही. इंजेक्शन घ्यायला निघायचं. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, आधी सांगायचं. पाकिटात कार्ड ठेवायचं. २००७ साली पुतणीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याला गेलो, तिथे वहिनींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं, इंजेक्शन आणि सलाइन मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी त्या मांडवात अक्षता टाकायला हजर! एका कागदाच्या कपट्याने केवढं काम केलं.

ताकदीच्या बाटल्या

आता दुसरी बाजू. त्याच पुतणीला पुढे पहिल्या बाळंतपणानंतर थायरॉईड निघालं. ती सतत थकलेली. तिच्या फोनवर कुणीकुणी पाठवलेले सल्ले येत: 'तुमच्या ॲड्रिनल थकल्या आहेत, थायरॉईडच्या गोळीबरोबर ॲड्रिनलला आधार देणाऱ्या या कॅप्सूल घ्या.' तिने मला फोन केला, "काकू, मोठ्या काकूंना झालं तसंच मला असेल का? मागवू का?"

मी म्हटलं, "मागवू नकोस, तपासून घे." तिने सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घेतली. ते उत्तम निघालं. तिचा थकवा हिमोग्लोबिन नऊवर आल्याचा आणि रात्री चार वेळा उठवणाऱ्या बाळाचा होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, मात्र थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, कारण लोह आणि कॅल्शियम ती गोळी अंगी लागू देत नाहीत. बाळाची एक रात्रपाळी जावईबापूंनी घेतली. दोन-तीन महिन्यांत पोरगी हसायला लागली.

'थकलेल्या ॲड्रिनल' हा आजार म्हणून शास्त्राने मान्य केलेला नाही. २०१६ साली ब्राझीलच्या दोन डॉक्टरांनी याविषयीचे ५८ अभ्यास तपासले आणि त्याला आधार नाही असा निष्कर्ष काढला. कॅप्सूल निरुपद्रवी असत्या तर पैसेच गेले असते. पण अमेरिकेत अशी बारा उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली, त्याचा अहवाल २०१८ साली आला. बाराही जातींत थायरॉईडचं संप्रेरक सापडलं आणि निम्म्याहून अधिकांत एखादं तरी स्टिरॉइड. म्हणजे 'आधार' म्हणून जे घ्यायचं, त्यात न सांगता दोन्ही औषधं घातलेली!

आपल्या घरगुती औषधांनाही हेच लागू आहे. अश्वगंधा घेतल्याने काहींच्या रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक वाढतं, आणि गोळी चालू असेल तर मात्रेचा हिशेब चुकतो. ज्येष्ठमध खोकल्याला चघळावं, पण रोज भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. ही औषधं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, एवढंच.

कुणी तपासून घ्यावं?

मैत्रिणींनो, हे वाचून कुणीही आपली थायरॉईडची गोळी बंद करू नका. बहुतेकींच्या ॲड्रिनल ठणठणीत असतात आणि त्यांना वेगळा आधार लागत नाही. त्यांच्यासाठी वेळेवर जेवण, पुरेशी झोप आणि थोडं चालणं एवढाच आधार, आणि तो दुकानात मिळत नाही.

पण काही खुणा आहेत. बाळंतपणात फार रक्त गेलं, दूध आलं नाही, पाळी परतली नाही, अशी कुणी असेल. थायरॉईड कमी असताना वजन वाढायच्या ऐवजी उतरत असेल. उभं राहिलं की चक्कर, वारंवार उलटी, खारट खाण्याची विलक्षण ओढ, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणं, हे दिसत असेल. हा काळपटपणा ॲड्रिनलच बिघडल्याची खूण. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली लंडनमध्ये ती नोंदवली. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं जुनं कारण, आणि कधी कधी शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था थायरॉईड आणि ॲड्रिनल दोन्हींवर उलटते. शीहानमध्ये मात्र कांती काळवंडत नाही, उलट फिकी पडते. आणि ज्यांचा टी-४ कमी असूनही टीएसएच वाढलेला नाही, त्यांनी तो कागद डॉक्टरांना पुन्हा दाखवावा. बिघाड गळ्यात नसून वर, पिट्युटरीत असू शकतो. वहिनींच्या १९९९ च्या कागदावर नेमकं हेच होतं.

अशा वेळी गोळी सुरू करण्याआधी, आणि सुरू केल्यावर प्रकृती बिघडली तर ताबडतोब, एक प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, कॉर्टिसॉल पाहून घ्यायचं का?" त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात.

वहिनींनी आता साठी ओलांडली आहे. घागरी उचलत नाहीत, पण गणपतीत पुरणाचा घाट अजून त्यांच्याच देखरेखीखाली असतो. मध्यंतरी गल्लीतली एक नवी सून बाळंतपणानंतर अशीच मलूल दिसू लागली. घरचे म्हणत होते, 'पोरगी नाजूक आहे.' वहिनी काठी टेकत तिच्याकडे गेल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि त्यांनी तेच तीन प्रश्न विचारले. सुदैवाने तिला दूध उतरलं होतं. तिला फक्त पंडुरोग होता, आणि तो बरा झाला.

आपल्या घरातल्या थकलेल्या बाईला आपण 'आळशी' किंवा 'नाजूक' ही नावं फार पटकन देतो. त्याऐवजी तिला कधीपासून असं होतंय, एवढं तरी विचारावं. कित्येकदा अर्धं निदान तिच्या उत्तरातच असतं.